गिटारीचा लंगोट

'जगात जर्मनी, भारतात परभणी' अशी आमच्या गावची ख्याती आहे. परंतु विजेच्या गिटारीचे काम जाणणारा कारागीर या दोहोंपैकी एकाच ठिकाणी मिळतो, हे माझ्या ध्यानात आले ते गिटार उघडून पलंगावर पसरल्यानंतर.

वास्तविक तिला काहीही झालेले नव्हते. लेस पॉल या नामांकित अमेरिकन मॉडेलच्या घाटाची, जुन्या बाजारातून घेतलेली ती गिटार मे महिन्याच्या त्रेचाळीस अंशांतही इमानाने सुरात राहत असे, आणि माणसाला सुख टोचते म्हणतात तशी तीच गोष्ट मला टोचू लागली. मला बिग्सबी हवा होता. बिग्सबी म्हणजे गिटारीच्या बुडाशी बसवायचा एक चकचकीत टेलपीस. त्यातल्या दांडीवरच्या खिळ्यांत तारांची टोके अडकवलेली असतात, दांडीला जोडलेला हात दाबला की ती किंचित फिरते, तारा सैलावतात, सूर खाली झुकतो आणि हात सोडताच खालची स्प्रिंग त्याला पुन्हा जागेवर आणते. निदान आणावे अशी अपेक्षा असते. लिओ फेंडर यांनी 1954 साली आपल्या स्ट्रॅटोकॅस्टरवरच्या अशाच योजनेला 'ट्रेमोलो' म्हटले; ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणे आणि सूर हलणे म्हणजे व्हायब्रॅटो, तेव्हा ते नाव मुळातच चुकले होते. ज्या वस्तूच्या नावाचाच सूर असा हुकलेला, तिच्यापासून मी सावध राहायला हवे होते.

शेजारचे पेटीवाले काका चहा घेता घेता ते धूड न्याहाळून म्हणाले, "सतारीला असतो तसा हा लंगोटच की!" सतारीत तारा बुडाशी जिथे बांधतात त्या भागाला खरोखरच लंगोट म्हणतात, त्यामुळे मला प्रतिवाद करता येईना. "पण चांगली सुरात होती, कशाला छळायलास तिला?" हा त्यांचा दुसरा प्रश्न मी ऐकू न आल्यासारखा सोडून दिला. लंगोटाची किंमत मात्र मी कोणालाच सांगितली नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, एवढेच म्हणतो.

भोके पाडायला कपाटे करणारा सुतार बोलावला. त्याने बिग्सबी उलटासुलटा करून "कोणत्या दाराचं आहे?" असे विचारले, तरी काम नेटके केले: खुंट्यांपासून बुडापर्यंत दोरा ताणून मध्य काढला, स्क्रू बसवले आणि जुन्या टेलपीसचे खुंट उपटल्यावर उरलेली दोन भोके वाईट दिसतात म्हणून, मी न सांगता, त्यांत लांबी भरून वर पॉलिशही मारले. त्या सौजन्याची किंमत पुढे कळली.

तारा चढवणे हे या साऱ्या प्रकरणातले खरे अग्निदिव्य होते. तारेच्या टोकाची पितळी गोळी खिळ्यात अडकवायची, तार दांडीखालून वळवून, दाबपट्टीखालून काढून घोडीवर आणायची आणि मग दुसऱ्या टोकाची खुंटी पिळायची. परंतु तुम्ही खुंटीपाशी पोहोचता तोच बुडाशी टिंग असा आवाज होतो आणि गोळी खिळ्यातून निसटलेली असते. या कामाला तीन हात लागतात. तिसरा हात म्हणून बायकोला बसवले. तिने चौथ्या टिंगनंतर कुकरची शिट्टी झाल्याचे सांगितले आणि ती गेली, वस्तुतः शिट्टी झालेली नव्हती. अखेर टोके आधीच आकड्यासारखी वाकवून आणि खाली स्पंजचा तुकडा कोंबून सहाही तारा चढल्या, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

आता सूर. मी हात दाबला, सूर सुरेख झुकला, हात सोडला आणि सूर परत येता येता वाटेतच थांबला. दाबपट्टीमुळे तारा घोडीवर अधिक जोराने टेकतात आणि खुंट्यांजवळच्या वरच्या पट्टीच्या खाचांतही रुततात, त्यामुळे सैल झालेली तार पुरती मागे सरकत नाही. उपाय म्हणून खाचांत पेन्सिलीचे शिसे घासतात. मुलाच्या कंपासमधील दोन पेन्सिली मी तिथे झिजवल्या. मर्ल ट्रॅव्हिस या अमेरिकन वादकाच्या गिटारीवरही आधी असेच एक सूर न धरणारे यंत्र होते आणि ते सुधारून द्या म्हणून तो पॉल बिग्सबी यांच्याकडे गेला होता, तेव्हा मोटारसायकलींच्या धंद्यात मुरलेल्या बिग्सबींनी ते सुधारण्याऐवजी नवेच यंत्र घडवले. मोटारसायकलवाल्याच्या यंत्राला रोज किक मारावी लागणारच, अशी मी मनाची समजूत घातली.

एवढ्यावर थांबलो असतो. पण 'आता उघडलेच आहे तर' हे चार शब्द घर बांधणाऱ्यांप्रमाणेच गिटारवाल्यांनाही बुडवतात. आतले पोटेन्शिओमीटर, म्हणजे आवाज आणि टोन कमीजास्त करणाऱ्या बटणांखालचे भाग, बदलून 500 किलोओमचे घातले, टोनचा कपॅसिटरही बदलला आणि अँप लावला, तर घरभर घोंघावणारा घुंऽऽऽ असा आवाज. जॅकच्या धातूला बोट लावले की तो थांबे, परंतु एक बोट तिथे ठेवून वाजवायचे तर पुन्हा तिसरा हात हवा. काकांनी भिंतीपलीकडून पेटीवर सूर शोधला आणि ओरडून सांगितले, "पांढरी पाच आहे, थोडी चढी!" ते अचूक होते: आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते आणि पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा, खर्जातला सूर 49 च्या आसपास येतो.

मिक्सर-टीव्ही दुरुस्त करणारा मेकॅनिक लग्नासाठी जिंतूरला गेलेला असल्याने हे घोंघावणे आठ दिवस चालले. परतल्यावर त्याने दोन मिनिटांत दोष शोधला. तारांना अर्थिंग देणारी बारीक वायर जुन्या टेलपीसच्या खुंटाखाली दाबलेली असते, आणि ती आता सुताराच्या लांबीत गाडली गेली होती. त्याने लांबी कोरून वायर बाहेर काढली, डाख देऊन लांबवली, नव्या लंगोटाखाली दाबली, आणि घर एकदम शांत झाले.

मी तारा लावल्या, हात हळुवार दाबला, सोडला. काका दारात येऊन उभे होते.

"तो घुं आवाज बंद केलास का?" ते हळहळून म्हणाले. "तेवढाच एक जागेवर होता."