रक्तातील कॅल्शियमचा आकडा आहार ठरवतो का?

‘रक्ततपासणीत दिसणारे कॅल्शियम म्हणजे आपण खाल्लेले कॅल्शियम, ते कमी असेल तर गोळ्या घ्या, जास्त असेल तर कॅल्शियमयुक्त पदार्थ बंद करा, आणि आकडा जितका वर तितकी हाडे बळकट’, असा दावा मोठ्या प्रमाणावर फिरत असतो. त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान तपासून पाहण्याजोगे आहे, आणि गोळ्यांचा सल्ला तर काहींना अपायकारक ठरू शकतो.

पहिले विधान आहाराचे. शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तातील पातळी मात्र साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एवढ्या अरुंद मर्यादेत राखली जाते. ती किंचित घसरली तरी मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक वाढते, हाडांतून कॅल्शियम मोकळे होते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे कमी जाऊ देतात. त्यामुळे आहारात दीर्घकाळ उणीव असूनही आकडा सामान्य दिसू शकतो, कारण ती तूट हाडे भरून काढत असतात. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावात पातळी खरोखरच घसरते, हे मान्यच आहे.

आता ही मर्यादा राखताना नेमकी पातळी कोठे स्थिरावते, यात जनुकांचा वाटा मोठा आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरील सीएएसआर हे जनुक कॅल्शियमची पातळी ओळखणारा ग्राही, म्हणजे पेशीवरील संवेदक प्रथिन, घडवते. या ग्राहीचा शोध 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या 986 व्या स्थानी अॅलनीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल असणाऱ्यांत कॅल्शियम सरासरीने किंचित जास्त आढळते. हा फरक इतका लहान आहे की एकट्या या भेदावरून कोणाचाही आकडा सांगता येणार नाही. तथापि असे अनेक भेद एकत्र येऊन माणसामाणसांतील फरकाला हातभार लावतात.

याच जनुकातील दुर्मीळ उत्परिवर्तनांचा परिणाम मात्र ठळक असतो, आणि गोळ्यांचा सरसकट सल्ला येथेच धोक्याचा ठरतो. ग्राही मंदावला तर कॅल्शियम आयुष्यभर थोडे चढे राहते, लघवीतून मात्र कमी जाते. ही अवस्था बहुधा निरुपद्रवी असते आणि कॅल्शियमयुक्त पदार्थ सोडल्याने ती बदलत नाही. पॅराथायरॉइडचा आजार समजून अशा व्यक्तीच्या ग्रंथी काढल्यास बहुधा काहीच साध्य होत नाही, म्हणून लघवीतील कॅल्शियम आधी पाहणे अगत्याचे आहे. याउलट ग्राही अतिसंवेदनशील असेल तर रक्तातील पातळी खालीच स्थिरावते. अशा व्यक्तीला काही त्रास नसताना केवळ आकडा सुधारावा म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले, तर लघवीतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांत खडे होण्याची व त्यांची हानी होण्याची भीती असते.

जनुक आणि सेवन एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे सीवायपी24ए1 या जनुकात दिसते. ते ड जीवनसत्त्व निष्प्रभ करणारे विकर (एन्झाइम) घडवते. 2011 मध्ये दाखवण्यात आले की या जनुकात दोष असलेल्या बालकांत, ड जीवनसत्त्वाच्या इतरांना मानवणाऱ्या मात्रेनेही कॅल्शियम घातक पातळीपर्यंत चढू शकते.

उरले हाडांच्या बळकटीचे विधान. सामान्य मर्यादेत राहूनही ज्यांचे कॅल्शियम जनुकीय भेदांमुळे जन्मभर थोडे वरच्या बाजूला असते, त्यांची हाडे अधिक घन असायला हवी होती. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच भेदांवर आधारलेल्या मोठ्या विश्लेषणात तसे दिसले नाही, आणि अस्थिभंगाचा धोकाही कमी आढळला नाही.