‘सूत्र पाठ असलं की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा की अंकगणिती आणि भूमिती श्रेढींच्या (श्रेढी म्हणजे ठरावीक नियमाने येणाऱ्या संख्यांची रांग, त्यातली प्रत्येक संख्या म्हणजे पद) बेरजेची सूत्रं कशी निघतात हे सांगण्यात मी अर्धा लेख खर्ची घातला. तुमच्या मते परीक्षेला दोन सूत्रं आणि त्यांत किमती घालण्याचा सराव पुरतो, सिद्धता बघून मुलं उलट घाबरतात. सूत्रं पाठ हवीतच, त्यात वाद नाही. ‘तेवढं पुरतं’ हे मात्र मला अजिबात पटत नाही.

७ + ११ + १५ + … + ८३ ही अंकगणिती श्रेढीची बेरीज घ्या, दर वेळी ४ मिळवत जायचं. सूत्र तोंडपाठ असलेला विद्यार्थी ८३ मधून ७ वजा करतो, ७६ ला ४ ने भागतो आणि पदं १९ धरून ८५५ उत्तर काढतो. बरोबर उत्तर ९००. १९ वेळा ४ मिळवले, म्हणजे पदं २०. तीच श्रेढी एका ओळीत सरळ आणि खाली उलटी लिहिली, की ७ खाली ८३, ११ खाली ७९, प्रत्येक जोडी ९० ची, आणि अशा जोड्या किती हे मोजल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) नियम असाच दिलाय: पहिलं आणि शेवटचं पद मिळवून निम्मं करा, ते मध्यधन, त्याला पदसंख्येने गुणा. इथे मध्यधन ४५, पदं २०.

भूमिती श्रेढीत, म्हणजे प्रत्येक पद आधीच्या पदाच्या ठरावीक पट असतं (ती पट म्हणजे गुणोत्तर) तिथे, तर रीत कळल्याचा फायदा आणखी मोठा आहे. ३ + ६ + १२ + … + १५३६ ची बेरीज ब माना. दुप्पट केली की २ब = ६ + १२ + … + १५३६ + ३०७२. वजाबाकी करा. मधली सगळी पदं कटतात, उरतं ३०७२ − ३ = ३०६९. पदं किती, हे विचारावंच लागलं नाही! सूत्राने गेलात तर आधी १५३६ हे दहावं पद आहे हे शोधा, मग २ चा दहावा घात काढा. घाबरण्यासारखं यात काय आहे? एक गुणाकार, एक वजाबाकी. मुलं घाबरतात ती अक्षरांच्या गर्दीला. म्हणून आधी आकडे आणि मग अक्षरं, हा क्रम मी मुद्दाम ठेवला होता.

आता १×२ + २×४ + ३×८ + … + १०×१०२४ बघा. तुमच्या दोन सूत्रांपैकी एकही इथे थेट लागत नाही. पण दुप्पट करून, एक घर सरकवून वजा करा: ब = १०×२०४८ − (२ + ४ + … + १०२४) = २०४८० − २०४६ = १८४३४. कंसातली बेरीजही त्याच युक्तीने निघते. हे ज्याला एकदा साधलं, त्याला तिसरं सूत्र पाठ करायची गरज नाही.

अनंत श्रेढीबद्दल थोडक्यात. पहिलं पद भागिले (१ वजा गुणोत्तर) हे सूत्र १ + २ + ४ + ८ + … ला लावलं तर उत्तर −१ येतं. सगळी पदं धन आणि बेरीज ऋण! वजाबाकी स्वतः केलेल्याला कारण दिसतं: शेवटी उरणारं पद शून्याकडे गेलं तरच ते सोडून देता येतं, आणि ते जातं फक्त गुणोत्तर −१ आणि १ यांच्या मध्ये असताना.

तुम्ही मागितलेला सूत्रांचा तक्ता लेखाच्या शेवटी जोडतो, ती सूचना रास्त आहे. फक्त प्रत्येक सूत्रासमोर त्याची अटही लिहीन. भूमिती श्रेढीत गुणोत्तर १ असेल तर छेदात शून्य येतं. तिथे सूत्राच्या वाटेला न जाता पहिल्या पदाला पदसंख्येने गुणायचं.