चाकांवरची महानगरपालिका

गाडीत राहून, फिरत फिरत कमवायचं ठरवलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळतं की आपण दोन नोकऱ्या पत्करल्या आहेत. एक पगाराची, लॅपटॉपवरची. दुसरी बिनपगारी, आणि तिथलं पद आयुक्ताचं. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा, अतिक्रमण, सगळी खाती आपल्याकडे. नागरिक एकच आणि तोही आपणच. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेत निदान तक्रार घेऊन कोणाच्या तरी टेबलापुढे उभं राहता येतं. इथे तक्रार करणारा, ऐकून घेणारा आणि 'बघतो' म्हणून कटवणारा हे तिघेही चार इंची गादीवर एकाच उशीला असतात.

वर वीजही आपल्याच गळ्यात. खऱ्या महापालिकेला तेवढं एक बरं, ती डोकेदुखी महावितरणची.

ज्या अमेरिकेचे व्हिडिओ बघून आपल्याला ही हौस लागते, तिथल्या आरव्ही पार्कात, म्हणजे राहत्या गाड्यांच्या तळावर, खांबावर जोडणी तयार असते. साधी जोडणी ३० अँपिअरची, १२० व्होल्टवर. म्हणजे ३६०० वॉट. आता आपल्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनबाहेरचा जाडा सॉकेट बघा: १६ अँपिअर, २३० व्होल्ट, म्हणजे ३६८० वॉट. ताकदीने आपण ऐंशी वॉट पुढेच आहोत. फरक फक्त सेक्रेटरींचा. तेव्हा सॉकेट आपल्या नशिबी नाही असं धरूनच गाडीची वीज उभी करायची.

दिवसाचा हिशेब वॉट-तासांत (वॉट गुणिले तास) मांडावा. लॅपटॉप ५० वॉट, आठ तास : ४००. दुसरा मॉनिटर : २००. राउटर दहा तास : १००. बारा व्होल्टवर चालणारा पंखा २५ वॉटचा. खारघरच्या हवेत तो वीस तास तरी फिरतो : ५००. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज उन्हाळ्यात साडेचारशेच्या घरात जातो. दिवे ५०. बेरीज सतराशे. यासाठी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लागते. तिच्यात २५६० वॉट-तास मावतात आणि त्यातले ८० ते ९० टक्के निर्धास्त वापरता येतात. इन्व्हर्टरच्या दुकानातले काका दीडशे अँपिअर-तासाची ट्युब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला असते ती शिसं-ॲसिडची बॅटरी) गळ्यात मारायला बघतील, 'लाईफ आहे हो हिला' म्हणत. लाईफ आहे, पण वजन पन्नास किलोच्या वर, वापरायची निम्मीच, आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ज्या खोलीत आपण झोपतो आणि चहाही करतो, तिथे हायड्रोजन सोडणारी सोबतीण नको.

आता खर्चातली चोरी पकडा. काहीही न लावता नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर स्वतःच १५ वॉट खात असतो. दिवसाचे ३६० झाले, म्हणजे लॅपटॉपचा जवळजवळ पूर्ण दिवस. म्हणून लॅपटॉप बारा व्होल्टवरून थेट टाइप-सी चार्जरवर चालवावा (६५ किंवा १०० वॉटचा मिळतो) आणि इन्व्हर्टर फक्त मिक्सरपुरता उघडावा.

वायरिंगला घरचा वायरमन बोलावलात तर त्याच्याजवळ बसून राहा. तो अडीच स्क्वेअर एमएमची वायर काढेल आणि म्हणेल, 'दादा, यावर घरी गिझर चालतो.' चालतो, कारण घरी २३० व्होल्ट असतात. बारा व्होल्टवर हजार वॉटचा इन्व्हर्टर नव्वद-पंचाण्णव अँपिअर ओढतो. त्याला ३५ स्क्वेअर एमएमची केबल हवी, तीही मीटरभराच्या आत, आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १२५ अँपिअरचा फ्यूज. केबलच्या टोकाची लग, म्हणजे धातूची टोपी, हायड्रॉलिक प्रेसने दाबलेली असावी. पक्कडने चेपलेली लग खड्ड्यांनी सैल होते, सैल जोड तापतो, आणि तापलेला जोड कुठे असतो? गादीखाली.

वीज भरायला छतावर दोनशे वॉटची दोन पॅनेलं आणि तीस अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारा डबा. आडवी ठोकलेली ही पॅनेलं एप्रिलमध्ये दिवसाला तेराशे-चौदाशे वॉट-तास देतात. इथून या संसारातलं मुख्य भांडण सुरू होतं: छताला ऊन हवं असतं आणि छताखालच्या माणसाला सावली. गाडी सावलीत लावावी तर पॅनेल उपाशी. पॅनेलं सिरीजमध्ये जोडली असतील तर एका फांदीची सावलीसुद्धा दोघांचंही उत्पादन पाडते, म्हणून गाडीवर ती पॅरलल जोडावीत. गाडी उन्हात लावावी तर दुपारी पत्र्याच्या आत पन्नास अंश. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात साधारण ३५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. त्यापुढे तो आपली गती आपणच कमी करतो. शासकीय वेगाने तो स्प्रेडशीट उघडू लागला की समजावं, उष्मा झाला. बॅटरीही फार तापली की तिच्यातला बीएमएस, म्हणजे राखणदार सर्किट, चार्जिंग तोडतो. म्हणजे भर उन्हात, फुकटची वीज छतावर ओसंडत असताना, बॅटरी ती घ्यायला नकार देते. यावर उपाय म्हणजे बॅटरी इंजिनच्या बाजूला किंवा उन्हाच्या पत्र्याला चिकटवून न ठेवता मध्यभागी, तळाशी, हवा लागेल अशी ठेवणं.

एसी लावा ना, असं कोणीतरी सुचवतंच. एक टनाचा एसी साधारण हजार वॉट ओढतो. भरलेली बॅटरी दोन तासांत संपेल, त्यानंतर आपण गार आणि लॅपटॉप बंद. त्यापेक्षा छत पांढरं रंगवा आणि आतून २५ मिलिमीटरचा बंद-छिद्रांचा फोम चिकटवा. ग्लासवूल नको. ते खाडीची दमट हवा पिऊन बसतं आणि पत्रा मागून गंजतो. छताला बाहेर फेकणारा पंखा, आणि सावलीच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी. सगळ्या खिडक्या सताड उघडल्या तर पंखा जवळच्याच खिडकीतून हवा ओढतो आणि आपण घामाघूम ते घामाघूमच. खिडकीला जाळी मात्र हवीच. नेरूळला खाडीकाठी मागे फ्लेमिंगो दिसतील अशी जागा व्हिडिओ कॉलला झकास, पण साडेसहानंतर तिथे कॉलमध्ये आपण टाळ्या वाजवताना दिसतो आणि पलीकडच्यांना वाटतं, प्रेझेंटेशन आवडलं.

जुलै-ऑगस्टमध्ये तर सूर्य दिवसचे दिवस फिरकत नाही आणि चारशे वॉटची पॅनेलं तीन-चारशे वॉट-तासांवर दिवस काढतात. तेव्हा कामाला येते घोडबंदर रोडवरची कोंडी. इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरून तीस अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला असेल तर तासाला चारशेच्या आसपास वॉट-तास भरतात. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत दीड तास अडकलात तर एका दिवसाचा लॅपटॉप, मॉनिटर धरून, वसूल. मागचा रिक्षावाला सरकारला, खड्ड्यांना आणि मेट्रोच्या खांबांना शिव्या घालत असतो, आणि पुढे आपण 'अजून दहा मिनिटं' म्हणून सिग्नलला दुवा देत असतो. पैसे वाचवायला चार्जरऐवजी रिले, म्हणजे नुसता आपोआप चालणारा स्विच, टाकून बॅटरी थेट जोडून देणारा गॅरेजवाला भेटेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, आणि नेमक्या अशा कोंडीत इंजिन मंद फिरत असल्याने अल्टरनेटरच्या पंख्याची हवा कमी पडते. मग जळतो तो अल्टरनेटर.

फिरणं आणि कमावणं एका दिवशी होत नाही, हे या धंद्यातलं सर्वांत कमी सांगितलं जाणारं सत्य. सोमवार ते शुक्रवार गाडी एका जागी, हलायचं शनिवार-रविवारी. माळशेजच्या ढगांतून मीटिंग करू म्हणणाऱ्याने तिथे नेटवर्क किती दांड्या ठेवतं ते आधी बघावं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, दोन्ही घेणारा राउटर आणि अँटेना छताच्या बाहेर, कारण गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो. अंथरूण पसरण्यापूर्वी जागेवर अपलोडचा वेग मोजावा. डाउनलोड बघून खूश होणारे पुढे कॉलमध्ये 'आवाज येतोय का?' एवढंच बोलतात.

जागेचं म्हणाल तर पाम बीच रोडवरून फक्त जायचं असतं. मॉलच्या तळघराचा आडवा दांडा बहुतेक सव्वादोन मीटरच्या आतच असतो आणि उंच छताची ट्रॅव्हलर व्हॅन अडीच मीटरच्या वर. त्यात पॅनेल आणि पंखा आणखी वीतभर. गाडीची खरी उंची मोजून डॅशबोर्डवर ठळक चिकटवून ठेवावी. तुर्भ्याला एपीएमसीजवळ ट्रकच्या रांगेत आपण खपून जातो, पण पहाटे तिथे कांदा उतरू लागतो आणि तो कुजबुजत उतरत नाही. कळंबोलीत लोखंड उतरतं, त्याबद्दल बोलायलाच नको. अंतर्गत रस्त्यांवर सम-विषम तारखेची पाटी असते, म्हणजे आपला पत्ता मध्यरात्री रस्ता ओलांडतो. न्यूयॉर्कच्या दुपारी बाराला, उन्हाळ्यात आपल्या रात्री साडेनऊला, कॉल असेल तर काळे पडदे पक्के ओढा. रात्री उजेड सांडणारी आणि आतून इंग्रजी ऐकू येणारी गाडी गस्तीच्या पोलिसांना रास्त कारणासाठी आवडते.

कमाई कशाची, हे मी मुद्दाम उशिरा घेतलं, कारण त्यात नवल काही नाही. घरून होतं ते गाडीतून होतं: कोडिंग, भाषांतर, डिझाईन, दुकानदारांचे हिशेब. प्रवासाचे व्हिडिओ टाकून पोट भरेल या भरवशावर मात्र राजीनामा देऊ नये. हिशेबाचं काम असेल तर ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, ही जीएसटीची महिन्याची विवरणपत्रं. त्या दोन दिवसांच्या आसपास कोकण नाही, घाट नाही, बोगदासुद्धा नाही. अमेरिकेत काही आरव्हीवाले ऑक्टोबरात नॉर्थ डकोटा-मिनेसोटाकडे साखरबीटच्या हंगामाला जातात आणि त्याचं तिकडे फार कौतुक. आपल्याकडे बीडहून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं पिढ्यान्पिढ्या बिऱ्हाड घेऊन साखरेच्याच हंगामामागे फिरत आली आहेत. त्यांच्या कोपीचं, म्हणजे तात्पुरत्या झोपडीचं, कोणी इन्स्टाग्राम केलेलं नाही, एवढंच.

पाण्याचं थोडक्यात: साठ लिटरची टाकी म्हणजे साठ किलो, ती दोन चाकजोड्यांच्या मध्ये, खाली. बादलीच्या आंघोळीला पंधरा लिटर जातात, म्हणजे चार आंघोळी किंवा एक आंघोळ आणि माणुसकीने जगणं. वीस लिटरचं कॅसेट टॉयलेट (खालची टाकी काढून नेता येते असं) एका माणसाला तीन-चार दिवस पुरतं, आणि ते रिकामं करायचं ते टॉयलेटमध्येच, गटारात नाही. हे खातं दुसऱ्यावर ढकलता येत नाही. गॅस ठेवत असाल तर हवेची जाळी आणि गळतीचा अलार्म दोन्ही जमिनीलगत हवेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो.

मग कागद. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत मनाने करायचा नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, ते पर्यटकांसाठी. गाडीत बसून ३बी भरणाऱ्याचा विचार त्यात कोणी केला असेलसं वाटत नाही. आसनं काढून पलंग ठोकायच्या आधी आपल्या आरटीओत, एमएच-०४ असो की ४३, विचारून घ्यावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. न कळवलेल्या बदलावर क्लेम अडतो.

सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि तिथे व्यवसायाच्या जागेचा पुरावा मागतात: वीजबिल, आणि जागा दुसऱ्याची असेल तर संमतिपत्र. डिझेलची पावती चालत नाही. म्हणून प्रत्येक फिरत्या माणसामागे एक न फिरणारी आत्या असते, नौपाड्यात किंवा डोंबिवलीत. तिचं वीजबिल, तिची सही, आणि बँकेची, आयकराची, आरटीओची सगळी पत्रं तिच्या शू-रॅकवर.

या उपकाराची परतफेड ठरलेली आहे. 'एवढी मोठी गाडी आहे तुझी, अष्टविनायक करू या ना सगळे!' सगळे म्हणजे सात. आरसीवर आसनं चार. मागच्या पलंगाला पट्टे नाहीत, चालत्या गाडीत तिथे बसता येत नाही, हे सांगितलं की आत्या म्हणते, 'मी आणि हे मांडी घालून बसू रे, तू हळू चालव.' तेव्हा संमतिपत्र मागायला जातानाच यात्रेची तारीख ठरवून जावं, २० तारीख टाळून, आणि त्या दिवशी पिवळ्या पाटीची सात आसनी गाडी भाड्याने बोलवावी. त्यानिमित्ताने एसीतही बसायला मिळतं.