तीन मीटरच्या आतली विहीर

हल्ली काही मंडळी ईएमसी चाचण्या आणखी काटेकोर करा म्हणून हात धुऊन मागे लागली आहेत. ईएमसी म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक कंपॅटिबिलिटी. सोप्या भाषेत, तुमच्या उपकरणाने शेजाऱ्याच्या रेडिओत खरखर करू नये आणि शेजाऱ्याच्या वेल्डिंगने तुमचं उपकरण बावचळू नये. एवढ्याशा गोष्टीसाठी काटेकोरपणा हवाच असेल तर तो रिपोर्टात आणावा. उपकरणात आणला की खर्च वाढतो.

समजा, तुम्ही मोबाईल स्टार्टर बनवता. शेतपंपाच्या पॅनलमध्ये बसणारा छोटा बोर्ड, आत सिम. लाईट रात्रपाळीची असली की शेतकरी अंथरुणातूनच फोन लावतो आणि तिकडे मोटर सुरू होते. या बोर्डाचा सख्खा शेजारी म्हणजे कॉन्टॅक्टर, मोटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच. तो सुटला की त्याच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा बाहेर पडायला वाट शोधते, ठिणग्या उडतात आणि वायरींमध्ये हजार-दोन हजार व्होल्टचे बारीक फटके बसतात. आयईसी ६१०००-४-४ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकातली चाचणी याच प्रकाराची नक्कल करते: एकेक फटका ५ नॅनोसेकंदांत चढणारा, ५० नॅनोसेकंद टिकणारा, आणि असे फटके झुंडीने. म्हणजे प्रमाणक लिहिणाऱ्यांना तुमचं पॅनल आतून ठाऊक आहे. घाबरू नका, वाटा आहेत.

आधी नमुना निवडा. लॉटमधला कुठलाही नग उचलून चेंबरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंदिस्त चाचणी-खोलीत, नेणं हा शुद्ध बावळटपणा. आपल्यातला सगळ्यात हुशार इंजिनीअर आदल्या रात्री बसवा. तो केबलवर फेराइट (विद्युत गोंगाट शोषणारी कडी) चढवेल, डब्याच्या फटींना तांब्याची टेप लावेल, इनपुटला दोन जादा कपॅसिटर टाकेल. सकाळी हा नटलेला नग मुलगी दाखवायला नेतात तसा प्रयोगशाळेत न्यायचा. पास झाला की फेराइट, टेप आणि कपॅसिटर यांची नावं पर्चेसकडे जाऊ द्यायची नाहीत. गेलीच, तर पुढच्या ‘कॉस्ट डाऊन’ मीटिंगमध्ये ती आपोआप गळतात. रेडिओतल्या खरखरीच्या मर्यादा ठरवणाऱ्या सिस्प्र या आंतरराष्ट्रीय समितीचा मूळ आग्रह असा की मोठ्या संख्येने बनणाऱ्या मालापैकी निदान ८० टक्के नग मर्यादेत असावेत, आणि हे निदान ८० टक्के खात्रीने सांगता यावं. एकाच नगावर भागवलं, तर अधूनमधून उत्पादनातले नग सहज उचलून पुन्हा तपासावेत, अशीही अपेक्षा असते. अधूनमधून म्हणजे कधी, ते आपण आपल्या सोयीने ठरवायचं. आमच्या ओळखीत तो दिवस अजून कुणाच्या कॅलेंडरात उगवलेला नाही.

आता खरी कला. ती चेंबरमध्ये नसते, माहितीपुस्तिकेत असते. सर्वसाधारण प्रमाणकांत सिग्नलच्या वायरीला हे फटके तेव्हाच द्यायचे असतात, जेव्हा उत्पादकाच्या म्हणण्यानुसार ती वायर तीन मीटरपेक्षा लांब असू शकते. उत्पादकाच्या म्हणण्यानुसार! म्हणजे तुमच्या! तेव्हा पुस्तिकेत एक वाक्य टाका: ‘पाणीपातळी सेन्सरची केबल कमाल २.९ मीटर.’ झालं. वायरीवर फटके चढवणारा क्लॅम्प नको, फटके नकोत, प्रयोगशाळेचा तासही वाचला. आता विहीर सात परस खोल आहे, पॅनल बांधाच्या पलीकडे आहे आणि मधली वायर बोरीच्या झाडाला गुंडाळून, मोटरच्या केबलला सुतळीने बांधून आणलेली आहे, हा शेतकऱ्याचा खासगी प्रश्न. त्याने पुस्तिका वाचून विहीर खोदायला हवी होती. सर्ज चाचणीत, म्हणजे वीज पडल्यावर येते तशा मोठ्या लाटेच्या चाचणीत, सिग्नलच्या वायरीला तीस मीटरपर्यंत मोकळीक मिळू शकते, तेव्हा वळवाच्या पावसात वीज कडाडली तरी आपल्या मनाला शांतता.

तरी एखादा नग फटक्यांखाली गडबडलाच, तर निकषांचा आधार घ्या. निकष ‘अ’ म्हणजे उपकरण चाचणी चालू असतानाही नीट चाललं. ‘ब’ म्हणजे थोडं अडखळलं, पण आपलं आपण सावरलं. ‘क’ म्हणजे माणसाने येऊन बटण दाबल्यावर शुद्धीवर आलं. नीट चालणं म्हणजे काय, हे सांगण्याचा मान पुष्कळदा उत्पादकालाच मिळतो. तो वाया घालवू नका. ‘डिस्प्ले चालू राहिला पाहिजे’ असं लिहा. मोटर चालू करणारा रिले आपोआप ओढला गेला का, रात्री अडीच वाजता कोरड्या विहिरीत मोटर फिरायला लागली का, हे कुणी लिहिलं नाही तर कुणी बघतही नाही. चाचणी करणारा पोरगा काचेआडून डिस्प्लेकडे पाहतो, डिस्प्लेवर कंपनीचं नाव झळकत असतं, आणि तो वहीत बरोबरची खूण करतो.

रेडिओलहरींच्या चाचणीत तर आणखी मौज. अँटेनातून सुटणाऱ्या लहरींची वारंवारता ८० मेगाहर्ट्झपासून वर एकेक टक्क्याने सरकते आणि प्रत्येक पायरीवर किमान अर्धा सेकंद थांबते. थांबण्याचा वेळ उपकरणाला प्रतिसाद द्यायला पुरेल एवढा हवा, असंही प्रमाणक सांगतं. तुमचा बोर्ड सेन्सर अर्ध्या मिनिटातून एकदा वाचतो? मग ही गोष्ट मनातच ठेवा. अर्ध्या सेकंदात तो गाढ झोपेत असतो, आणि झोपलेल्याला काय त्रास होणार! शिवाय या लहरींवर १ किलोहर्ट्झचा एकच सूर चढवलेला असतो. पूर्वी फोन वाजायच्या आधी स्पीकरमधून टिरिक-टिरिक यायचं, ते २१७ हर्ट्झचं. तुमच्या बोर्डावरचं टूजी मॉड्यूल बोलू लागलं की ते अगदी तसंच ठोके देतं. पण चाचणीच्या दिवशी सिम घरीच विसरता येतं.

काटेकोरवाल्यांचं आणखी एक पालुपद ऐकून घ्यावं लागतं: प्रयोगशाळेत एका वेळी एकच त्रास देतात. आधी फटके, मग लहरी, मग हातातून बसणारी स्थिर विजेची चुटकी. शेतात मात्र तिन्ही एकदम, वर व्होल्टेज गळपटलेलं आणि डब्यात पालीने घर केलेलं. शिवाय नमुना कोराकरकरीत. कोकणातल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढलेल्या डब्याचा गॅस्केट (झाकणाखालची वीजवाहक पट्टी) आणि पत्रा यांचा संपर्क गंजाने तुटलेला असतो. तसा डबा चेंबरमध्ये कुणी नेत नाही. नेला तर चेंबरवालेच नाक मुरडतील. वेल्समधल्या अॅबरहोसन नावाच्या गावात सुमारे दीड वर्ष रोज सकाळी सातला इंटरनेट झोपायचं. केबली बदलून झाल्या, तरी तेच. शेवटी अँटेना घेऊन गावभर हिंडलेल्या इंजिनीअरांना २०२० मध्ये एका घरातला जुना, सेकंडहँड टीव्ही सापडला. तो सुरू झाला की एवढा विद्युत गोंगाट करायचा की अख्ख्या गावाची ब्रॉडबँड आडवी. म्हाताऱ्या उपकरणाचा जबाब कोण घेतो? रिपोर्ट त्याच्या तरुणपणाचा असतो, आणि तरुणपणी सगळेच सज्जन.

रिपोर्ट हातात आला की शेवटच्या पानावरची बारीक ओळ वाचू नका. आयएसओ/आयईसी १७०२५ हे प्रयोगशाळांसाठीचं प्रमाणक पाळणारी प्रयोगशाळा तिथे प्रामाणिकपणे नमूद करते की हे निष्कर्ष फक्त तपासलेल्या नगापुरते आहेत. पहिल्या पानावर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का असतो, तेवढंच पान रंगीत छापून टेंडरला जोडा. मर्यादेच्या आत ०.३ डेसिबलने उतरला असाल तर तो आकडा सांगत बसू नका. पास तो पास.

मग तक्रारी येतील. “साहेब, मोटर आपली आपण चालू हुतीया.” तुमच्या सर्व्हिसवाल्याला एकच उत्तर पाठ करून द्या: “दादा, तुमच्याकडे लाईटचा प्रॉब्लेम आहे.” ते पूर्ण खोटंही नाही, म्हणून फार टिकतं. दादा फारच तापले तर बोर्ड कुरिअरने मागवून घ्या. ऑफिसच्या टेबलावर, एसीत, स्टॅबिलायझरच्या लाईनीवर, वीतभर वायर लावून तो तासभर चालवा. कॉन्टॅक्टर अर्थातच जोडायचा नाही, त्याने आवाज फार होतो. बोर्ड शहाण्यासारखा वागेल. त्यावर ‘दोष आढळला नाही’ असं स्टिकर चिकटवा, धूळ पुसा आणि तोच बोर्ड दादांना परत पाठवा. कुरिअरचे पैसे त्यांच्याकडूनच घ्या.