हो, आईंना ठेवून गेले होते

सकाळी फोन आला. भाचीच्या लग्नाचे फोटो बघून. कुणाचा ते लिहीत नाही, जिला कळायचं तिला कळेल. "आईला आश्रमात टाकून तुम्ही नाशिकला नाचताय?"

टाकून! दुपारपर्यंत तो शब्द डोक्यातून जाईना. दोन पोळ्या करपल्या.

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, उजवं अंग गेलं त्याला येत्या श्रावणात सहा वर्षं होतील. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ चाचपून लाल चट्टा नाही ना बघायचं, नळीतून गाळलेली पेज, युरीन बॅग रिकामी करायची. दिवसा ब्युरोची बाई असते. तिला गाव आहे, सण आहेत, पोरांची आजारपणं आहेत. रात्र माझी. नवरा करतो, नाही म्हणत नाही, पण त्याला हाक मारावी लागते. मला कोण हाक मारतं?

सहा वर्षांत पहिल्यांदा आठ दिवस त्यांना आजारी माणसं सांभाळणाऱ्या एका केंद्रात ठेवलं. आणि नाशिकला पहिल्याच रात्री साडेतीनला उठून मी काय केलं, तर गादीवर शेजारी झोपलेल्या एका काकूंची कूस बदलायला लागले. झोपेतच. खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक. काकू किंचाळल्या. सगळे उठले, पोट धरून हसले, मीही हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. याचा फोटो नाही, म्हणून फोनवर कुणी विचारलं नाही.

वारीत पालखीचाही विसावा असतो. तिथे कुणी वारकऱ्याला म्हणत नाही, देवाला टाकलंस म्हणून. अहो, अंत्ययात्रेतसुद्धा मध्ये विसाव्याची जागा असते, खांदे बदलतात! घरातल्या जिवंत माणसाला सहा वर्षं एकाच खांद्यावर न्यायचं, आणि टेकवलं की टाकलं?

आई-बापांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २००७ चा कायदा आहे. बरोबरच आहे. पण जी सोडत नाही तिच्यासाठी काय आहे? पुण्यात वारज्याला कॅन्सरच्या पेशंटसाठी सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, तिथे घरच्या माणसाला सोबत राहता येतं, पैसेही घेत नाहीत. पक्षाघातवाल्यांनी कुठे जायचं? जर्मनीत म्हणे सांभाळणाऱ्याला सुट्टी हवी असेल तर बदली माणसाचा खर्च विम्यातून मिळतो. इथे मी दिवसाला अठराशे मोजले, डायपर आपले.

हो, अठराशे सगळ्यांना परवडत नाहीत. मलाही परत कधी परवडतील माहीत नाही. आणि हो, आई परत आल्या तेव्हा टाचेला लाल झालं होतं. चार दिवसांत गेलं. माझ्या हातूनही झालंय तसं, दोनदा. तेव्हा कुणाचा फोन आला नव्हता.

त्या काकू मात्र गोड निघाल्या. दुसऱ्या रात्री मुद्दाम माझ्याच शेजारी झोपल्या. "उठलीस तर मला उठव, तुझ्या मनासारखी कूस बदलते," म्हणाल्या. त्यांनी सासऱ्यांचं नऊ वर्षं केलंय. तिसऱ्या रात्री मी उठलेच नाही. सकाळी म्हणाल्या, घोरत होतीस.

परत आल्यावर आईंना मी पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणजे पाठ, टाच, बॅग सोडून चेहरा. त्यांच्या भुवया अगदी ताईंसारख्या आहेत, इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं.

असो. लिहिता लिहिता राग उतरला थोडा. ताई, हे तुम्हालाच आहे. गणपती झाले की आठ दिवस या, पाहुणी म्हणून नको. पेज कशी गाळायची ते दाखवीन. एअर बेडचा प्लग सैल आहे, आत दाबून वर चिकटपट्टी लावावी लागते, नाहीतर रात्री हवा जाते.