शक्तीच्या गोळ्या अन् रात्रीची लाईन

आमच्या गावात थकवा आला असं चारचौघात बोलू नये बाप्पा. पानठेल्यावर मी नुसतं म्हटलं, "अंगात जीवच नाही राह्यला," तर चुना मळणाराही डॉक्टर झाला. एक म्हणे शिलाजीत घे, एक म्हणे अश्वगंधा, तिसऱ्याचा पोट्टा नागपूरले जिममध्ये जाते, तो म्हणे हे सगळं सोड अन् गोळ्या घे. कापसाचे पैसे आलेच होते, म्हटलं घेऊन तर पाहू.

पह्यले बी-कॉम्प्लेक्स. सकाळी बांधावर बसलो तर पिवळंधम्मक! मले वाटलं झाली कावीळ. मेडिकलवाला हसला, म्हणे काका, तो बी-टूचा रंग हाय, शरीर पाहिजे तेवढं ठेवते अन् बाकीचं बाहेर काढते. म्हणजे एवढ्या महागाचा माल मी बांधावरच्या गवताले पाजला.

मग लोहाच्या गोळ्या. ह्याच्यावर लगेच चहा प्यायचा नाही म्हणे, लोह अंगी लागत नाही, लिंबू चालते. आता आमच्याकडं कोणाच्या घरी गेलं अन् चहाले नाही म्हटलं तर ते लोक वर्षभर बोलत नाहीत, त्यात पोट असं गच्च धरलं की थकवा राह्यला बाजूले अन् एरंडेल शोधत फिरलो.

शिलाजीत तर थंडीनं एवढं कडक झालं की चमचा वाकला. बायकोनं डबी चुलीपाशी ठेवली, वितळलं, वास सुटला. "अवो, हे खायाचं हाय का मोटारीचं वंगण?"

डब्यावर बारीक इंग्रजीत 'हे औषध नव्हे' असंही लिहून होतं, नियमानं लिहावंच लागते म्हणे. पोरीनं वाचून दाखवलं. अर्धा डबा संपल्यावर.

अश्वगंधेवर मात्र माझा भरवसा होता. रात्री दुधातून घ्यायची, झोप मस्त लागते. लागतच होती, तेवढ्यात शेजाऱ्याचा फोन, "भाऊ, लाईन आली!" निघालो मग बॅटरी अन् काठी घेऊन, हरभऱ्याले पाणी द्यायले, आठवडाभर थ्री-फेज रात्रीचीच, वरून रानडुकरं.

शेवटी सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन चौदा. डॉक्टर म्हणे, माणसाले तेराच्या वर असलं की बस झालं, रात्री झोपता किती?

"साहेब, ते लाईनवाल्यायले विचारा."

उरलेलं शिलाजीत साळ्यानं मागून नेलं. परवा बाजारात भेटला, म्हणे भाऊजी, लय ताकद आली. येईनच ना! त्याच्या वावरात सोलर पंप हाय, रात्रभर घोरते.