पायडल कुठंय?

काल संध्याकाळी पुण्यात नळ स्टॉपला हवालदारसाहेबांनी हात केला आणि माझी ई-स्कूटर थांबली, तशी तिला थांबायला फार कष्ट पडत नाहीत. नंबर प्लेट नाही, लायसन नाही, हेल्मेटही नाही. मी मोबाईलवर नियम काढून दिला, मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, असं असेल तर कायद्यानं ते मोटार वाहनच नाही. साहेब वाचतायत तोवर कोथिंबिरीची जुडी लोंबणारी पिशवी घेऊन एक काका मध्ये घुसले.

"पायडल कुठंय?"

"नाहीये."

"म्हणजे सायकल नाही. नंबर?"

"लागत नाही काका."

"म्हणजे गाडी नाही. मग बसलाय कशावर, चौरंगावर?"

सिग्नलला थांबलेले सगळे फिदीफिदी हसले. मी गाड्या तपासून दाखला देणाऱ्या एआरएआय संस्थेचं नाव घेतलं तर काका म्हणे ती आमच्या घरामागच्या टेकडीवर आहे, आम्हाला नका सांगू. आता त्याच टेकडीच्या चढाला मी डबलसीट गेलो की बायकोला उतरावं लागतं आणि ती चालत माझ्या आधी वर पोचते, पण हे तिथे कसं सांगणार!

"साहेब, सोडू नका. ही लोकं वेग अडवणारी वायर काढून चाळीसनं पळवतात, माझ्या मेव्हण्याचा पोरगा तेच करतो."

अहो मग त्या पोराला धरा ना! वायर काढून देणारा दुकानदार गल्ल्यावर निवांत बसलाय, आणि नियमानं पंचवीसच्या आत रखडणारा मी चौकात उभा.

साहेबांना संशय आला, म्हणाले पळवून दाखवा. काका म्हणे मी शेजारून पळतो, म्हणजे वेग कळेल. पिशवीसकट पळाले हो! पहिल्या खांबापर्यंत चक्क पुढे होते, मग कोथिंबीर पडली म्हणून थांबले.

"जाऊ द्या यांना," साहेब हसू दाबत म्हणाले, "ही गाडी नाही."

साठ हजार मोजलेत मी.

घरी आलो तर सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगचं पावतीपुस्तक घेऊन गेटवरच. म्हटलं, कायद्यानं ही गाडी नाही, सायकलचे पैसे घ्या. ते म्हणाले, "पायडल कुठंय?" गाडी नंबरच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि टू-व्हीलरचे पूर्ण पैसे घेतले.